विजेच्या मोटारीची फुटलेली काच

पुढे चाललेल्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडतो, मागच्या मोटारीच्या काचेवर आदळतो आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे उमटतात. गाडी विजेवर चालणारी, नवी कोरी असते. बॅटरी भरलेली, चाकांत हवा, बाकी सारे ठणठणीत. तरीही ती दारात उभी राहते, कारण तशी काच गावात नाही, शहरात नाही, कित्येकदा देशातही नाही. ती येईपर्यंत काही आठवडे जातात, कधी काही महिने. अशा तक्रारी गेल्या दहा वर्षांत निरनिराळ्या देशांतून ऐकू येत आहेत.

विचार करण्याजोगी गोष्ट अशी की या गाडीतील सर्वांत नवे तंत्र म्हणजे तिची बॅटरी आणि तिचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. गाडी मात्र अडते ती काचेसाठी. काच माणसाला हजारो वर्षे ठाऊक आहे. वाळू, सोडा आणि चुनखडी हा तिचा कच्चा माल पृथ्वीवर भरपूर आहे. मग काचेची टंचाई कशी?

खरे तर काचेची टंचाई नाहीच. टंचाई आहे ती विशिष्ट आकाराच्या काचेची. काच हा पूर्वी माल होता, तो हळूहळू एक सुटा भाग कसा झाला, त्यातून आपल्याला काय मिळाले आणि काय गेले, हे आपण या लेखात पाहू. या कथेच्या सुरुवातीलाही विजेची मोटारच आहे, हा एक योगायोग.

सपाट काचेचे दिवस

मोटारी नव्या होत्या तेव्हा बहुतेक गाड्या उघड्या असत. वारा आणि धूळ अडवण्यासाठी पुढे लाकडी किंवा पितळी चौकटीत एक सपाट काच बसवलेली असे. फोर्ड कंपनीच्या १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या 'मॉडेल टी' गाडीची पुढची काचही सपाटच होती. ती फुटली तर गाडीच्या कारखान्याला कळवण्याचे कारणच नव्हते. घराच्या खिडक्यांना काचा बसवणारा कारागीर माप घेई, हिऱ्याच्या कणीने मोठ्या तावदानावर रेघ ओढी, हलका दाब देऊन तुकडा मोडी आणि चौकटीत बसवी.

आपल्याकडे हा प्रकार पुष्कळ काळ टिकला. एस.टी.च्या जुन्या लाल गाड्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना पुढची दोन सपाट तुकड्यांची काच आणि मधली पट्टी आठवत असेल. सपाट काचेचा मोठा गुण असा की तिला मापाशिवाय दुसरी ओळख नसते. एकाच तावदानातून बसची काच निघते, दुकानाच्या कपाटाची निघते आणि शाळेच्या खिडकीचीही निघते. म्हणूनच ती कुठेही मिळते.

चाकांवरचा दिवाणखाना

१९०० च्या सुमारास अमेरिकेतील रस्त्यांवरच्या मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश विजेवर चालणाऱ्या होत्या, हे आज अनेकांना खरे वाटत नाही. पेट्रोलची गाडी सुरू करण्यासाठी पुढे उभे राहून जोराने हँडल फिरवावे लागे. ती धूर सोडी आणि आवाजही करी. विजेची गाडी शांत आणि स्वच्छ होती. वेग बेताचा, पल्लाही मर्यादित, पण शहरात हिंडण्यास ती पुरेशी होती.

डेट्रॉइट शहरात १९०७ पासून 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' नावाच्या अशा गाड्या बनू लागल्या. मूळ कंपनी घोडागाड्या बनवणारी होती. या गाड्या ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेगाने जात आणि एकदा बॅटरी भरली की सुमारे १३० किलोमीटर चालत. पेट्रोलच्या गाड्यांचा कारखाना चालवणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड १९१४ सालची डेट्रॉइट इलेक्ट्रिक स्वतः चालवत.

या गाड्यांना छप्पर होते, गाद्या होत्या आणि चारही बाजूंना मोठमोठ्या काचा होत्या. काही नमुन्यांत तर चालवणारी व्यक्ती मागच्या आसनावर बसे आणि गोल चाकाऐवजी एका दांड्याने गाडी वळवी. दिवाणखान्याला चाके लावावीत तसा हा थाट होता. १९१५ च्या सुमारास कंपनीने आणखी एक पाऊल टाकले. गाडीच्या कोपऱ्यांना तिने वाकवलेल्या काचा बसवल्या. कारखान्यात नियमित बनणाऱ्या मोटारीत वाकवलेली काच वापरण्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक होते आणि त्या काळी हे काम खर्चाचे व अवघड होते.

काच वाकवतात कशी? सपाट तावदान साच्यावर ठेवून भट्टीत तापवतात. सुमारे ६०० अंश सेल्सिअसला काच मऊ होऊ लागते आणि स्वतःच्याच वजनाने साच्यावर बसते. मग ती फार सावकाश निववावी लागते. घाई केली तर आत ताण राहतो आणि काच पुढे केव्हातरी आपोआप तडकते.

अशी काच फुटल्यावर काय होणार? नाक्यावरच्या काचवाल्याकडे हिऱ्याची कणी आहे, पण भट्टी नाही. भट्टी मिळाली तरी साचा नाही. साचा फक्त एकाच जागी आहे. काचेच्या वाकण्याबरोबरच दुरुस्तीची किल्ली काचवाल्याच्या हातून निघून साचेवाल्याच्या हाती गेली, असे म्हणता येईल.

डेट्रॉइट इलेक्ट्रिकच्या सुमारे १३,००० गाड्या तयार झाल्या. १९१२ पासून पेट्रोलच्या गाडीला बॅटरीवर चालणारा स्टार्टर मिळाला, हँडल मारण्याचा त्रास संपला आणि विजेच्या गाड्या मागे पडल्या. १९२९ च्या मंदीनंतर कंपनीचे दिवाळे निघाले. पुढे ती मागणीनुसार मोजक्या गाड्या बनवी आणि १९३९ साली तेही थांबले. शांत, बंदिस्त, भरपूर काचांची गाडी ही कल्पना मात्र टिकली. १९१९ साली अमेरिकेत बनणाऱ्या मोटारींत बंदिस्त गाड्या सुमारे १० टक्के होत्या. १९२७ पर्यंत त्या ८० टक्क्यांच्या वर गेल्या.

जीव वाचवणारी काच

गाड्या बंदिस्त झाल्या, काचा वाढल्या आणि एक नवे संकट उभे राहिले. अपघातात माणसे आदळण्याने जखमी होत, तशीच फुटलेल्या काचेच्या सुऱ्यांसारख्या तुकड्यांनीही होत. यावर दोन उपाय निघाले. ते आजही आपल्या गाड्यांत आहेत, म्हणून त्यांच्याकडे जरा बारकाईने पाहू.

पहिला उपाय फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांचा. १९०३ साली त्यांच्या प्रयोगशाळेत काचेचा एक चंबू खाली पडला, तडकला, पण विखुरला नाही, अशी हकीकत सांगतात. चंबूत पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण होते. ते वाळून आत एक पातळ पापुद्रा राहिला होता आणि त्याने तुकडे धरून ठेवले होते. १९०९ साली बेनेदिक्तुस यांनी दोन काचांमध्ये असा थर घालण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. हीच लॅमिनेटेड काच. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना ती बसवली गेली. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल ए' गाडीच्या पुढच्या काचेत ती सरसकट आली. सुरुवातीचा थर उन्हाने पिवळा पडे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिव्हिनाइल ब्युटिरल हे प्लास्टिक वापरात आले आणि हा दोष गेला.

दुसऱ्या उपायाचे मूळ आणखी जुने आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटीचा एक गोळा तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही, पण शेपटी मोडताच संपूर्ण गोळ्याचे पीठ होते. 'प्रिन्स रूपर्टचे थेंब' म्हणून प्रसिद्ध असलेल्या या चमत्काराची चर्चा लंडनच्या रॉयल सोसायटीत १६६१ साली झाली होती. कारण असे की थेंबाचे बाहेरचे कवच आधी घट्ट होते. आतला भाग नंतर निवतो, आकसतो आणि कवचाला आत ओढून धरतो. कवच कायम दाबाखाली राहते. काचेला तडा जायचा तर आधी हा दाब ओलांडावा लागतो, म्हणून ती मजबूत होते. हेच तत्त्व वापरून सुमारे ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवलेल्या काचेवर थंड हवेचे झोत सोडतात आणि टफन्ड काच तयार करतात. ती फुटली की बोथट दाणेदार तुकडे होतात.

आता मुद्द्याची गोष्ट. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. हिऱ्याची रेघ खोल गेली की आतला ताण सुटतो आणि सगळी काच दाण्यांत विखुरते. म्हणून कापणे, कडा घासणे, भोके पाडणे हे सर्व आधी करायचे आणि शेवटी काच टफन करायची. म्हणजेच अशी काच जन्मतःच एका ठरावीक गाडीची असते.

आपल्या देशात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी मोटारीत सुरक्षा काच सक्तीची केली आहे आणि पुढची काच लॅमिनेटेड हवी असे म्हटले आहे. ही सक्ती योग्यच आहे. काचवाल्याने कापून दिलेली साधी काच बसवून काम भागवावे, असे कोणी म्हणाले तर तो सल्ला जिवावर बेतू शकतो. दुरुस्ती अवघड झाली ती काही कोणाच्या लहरीमुळे नव्हे. जे मिळवले ते मोलाचे होते आणि त्याची ही किंमत होती.

नदीसारखी वाहणारी काच

काचेचा आकार जसा अवघड होत गेला, तशी काच स्वतः मात्र सोपी होत गेली. पूर्वी उत्तम सपाट काच हवी असेल तर ती ओतून, दोन्ही बाजूंनी घासून, पॉलिश करावी लागे. इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीत अलेस्टर पिल्किंग्टन यांना १९५२ साली एक कल्पना सुचली. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर सोडली तर ती तेलासारखी तरंगेल, पसरेल आणि दोन्ही बाजूंनी आपोआप गुळगुळीत होईल. कथिल २३२ अंशांना वितळते, म्हणून काच घट्ट होईपर्यंत ते द्रवच राहते. ही साधी वाटणारी कल्पना कारखान्यात उतरवण्यास सात वर्षे लागली. १९५९ साली ती जाहीर झाली.

आज जगातील बहुतेक सपाट काच याच फ्लोट पद्धतीने बनते. रायगड जिल्ह्यातील तळोजे येथेही असा कारखाना उभा राहिला. ही भट्टी एकदा पेटली की दहा-दहा वर्षांहून अधिक काळ रात्रंदिवस चालू ठेवतात. एका भट्टीतून दिवसाला ५००-६०० टन काच बाहेर पडू शकते. काच अशी नदीसारखी वाहत असताना आपली गाडी दारात उभी का? याचे उत्तर भट्टीच्या पुढच्या दालनात आहे.

एका घाण्यात किती?

गाडीची पुढची काच तयार करायची तर दोन पातळ सपाट काचा जोडीने कापतात, साच्यावर ठेवून एकत्र वाकवतात, त्यांच्यात प्लास्टिकचा थर घालतात आणि दाबपात्रात सुमारे १३० ते १४० अंश तापमानाला चिकटवतात. दुसऱ्या गाडीची काच करायची झाली की साचे बदलावे लागतात, भट्टीचे तापमान नव्याने जुळवावे लागते आणि पहिल्या काही काचा वाया जातात. हा खर्च एक काच केली तरी तेवढाच आणि हजार केल्या तरी तेवढाच.

आपल्या स्वयंपाकघरात हेच घडते. एका चकलीसाठी कोणी सोऱ्या धुऊन, कढईत तेल तापवत नाही. एकदा तेल तापले की घाण्यामागून घाणे निघतात. पण फार चकल्या करून ठेवल्या तर डबे अडतात आणि त्या मऊ पडतात. मग एका वेळी किती कराव्या?

या प्रश्नाला गणिती रूप दिले फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने, १९१३ साली. नावात फोर्ड असले तरी मोटारींच्या फोर्डशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांचे सूत्र असे: वर्षाची मागणी गुणिले एकदा साचा चढवण्याचा खर्च गुणिले २, भागिले एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च. या उत्तराचे वर्गमूळ म्हणजे एका घाण्यात काढायच्या नगांची किफायतशीर संख्या.

फळ्यावर करून पाहू. आकडे आपल्या सोयीसाठी मानलेले आहेत. साचा चढवण्यास ४०,००० रुपये आणि एक काच वर्षभर सांभाळण्यास ४०० रुपये लागतात असे समजू.

एखाद्या फार खपाच्या गाडीला वर्षाला ८०,००० काचा लागतात. सूत्राप्रमाणे घाणा येतो ४,००० काचांचा. म्हणजे वर्षातून २० घाणे, दर १८ दिवसांनी एक.

दुसऱ्या गाडीला वर्षाला ८०० काचा लागतात. घाणा येतो ४०० चा. म्हणजे वर्षातून दोनदा, दर सहा महिन्यांनी एक.

तिसऱ्या, अगदी विरळ गाडीला वर्षाला ८ काचा लागतात. घाणा येतो ४० चा. म्हणजे पाच वर्षांतून एकदा!

मागणी शंभरपट घटली की दोन घाण्यांमधले अंतर दहापट वाढते. यात वर्गमूळाचा कसा हात आहे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे. अंदाज चुकून साठा मध्येच संपला तर ज्याची काच फुटेल त्याला पुढच्या घाण्यापर्यंत थांबावे लागेल. कारखान्यातील कोणी आळशी नसतो, कोणी लबाडही नसतो, तरीही वाट पाहावी लागते.

अर्थात गाडी कारखान्यात बनत असते तोवर तिच्या काचा सतत निघतच असतात. मग अडचण कधी येते? आमच्या मते गाडीच्या आयुष्याच्या दोन टोकांना. गाडी अगदी नवी असते तेव्हा निघालेली प्रत्येक काच आधी नव्या गाडीला लागते. दुरुस्तीसाठी साठा झालेला नसतो. गाडी जुनी होऊन तिचे उत्पादन थांबते तेव्हा उरते फक्त दुरुस्तीची तुरळक मागणी. मधला काळ सुखाचा. आपल्याकडची प्रीमियर पद्मिनी हे अशा लांबलेल्या सुखाच्या काळाचे उत्तम उदाहरण. फियाटच्या नावाने १९६० च्या दशकात आलेली ही गाडी मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात फारसा आकार न बदलता २००० सालापर्यंत बनत राहिली. हजारो टॅक्सी एकाच आकाराच्या, म्हणून काचाही एकाच आकाराच्या. उत्पादन थांबल्यानंतरही या टॅक्सी मुंबईत २०२३ पर्यंत धावल्या. नवेपणाच्या दृष्टीने ती गाडी मागासलेली होती खरी, पण दुरुस्तीच्या दृष्टीने तिचे न बदलणे हाच तिचा गुण ठरला.

विजेच्या गाडीला वेगळी काच का?

आता विजेच्या गाडीकडे वळू. विजेवर चालते म्हणून काच निराळी हवी असे काही नाही. रांजणगाव येथे बनणारी टाटा नेक्सॉन २०१७ साली पेट्रोल व डिझेलवर आली आणि २०२० साली तिचा विजेवर चालणारा भाऊबंद आला. दोन्हींचा मूळ सांगाडा एकच. अशा वेळी काचांची मागणी दोन्ही गाड्यांची मिळून मोजली जाते आणि आपल्या सूत्रातील मागणीचा आकडा मोठा होतो.

पण जी गाडी पहिल्यापासून विजेसाठीच आखली जाते तिची गोष्ट वेगळी. बॅटरीत साठणारी ऊर्जा मोजकी असते. वेगाने जाताना तिचा मोठा भाग हवेला बाजूला सारण्यात खर्च होतो. म्हणून पुढची काच खूप तिरकी आणि वाकलेली ठेवतात. जमिनीखाली बॅटरी असल्याने तळ उंच होतो. डोक्यावरची जागा राखण्यासाठी पत्रा व अस्तर यांऐवजी काचेचे छप्पर देतात. इंजिनाचा आवाज नसल्याने वाऱ्याचा आवाज जाणवतो, तो दाबण्यासाठी काचांमधला थर विशेष प्रकारचा असतो. ऊन आत आले तर वातानुकूलन बॅटरी खाते, म्हणून उष्णता परतवणारा लेप लागतो. आजकालच्या पुष्कळ गाड्यांत काचेच्या मागे कॅमेरा असतो. काच बदलली की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

यात एक मेख आहे. एकाच गाडीत कॅमेऱ्याची काच, बिनकॅमेऱ्याची, तापणारी, माहिती दाखवणारी असे चार प्रकार झाले तर ८०० ची मागणी प्रत्येकी २०० मध्ये वाटली जाते. सूत्रात २०० घालून पाहा. घाणाही २०० चाच येतो. सहा महिन्यांचे अंतर एक वर्षाचे होते.

वजनाचाही विचार करावा. काचेची घनता पाण्याच्या अडीचपट असते. दीड चौरस मीटर आणि ५ मिलिमीटर जाडीची काच सुमारे १९ किलोची होते. वजनदार, वाकडी आणि नाजूक अशी ही वस्तू एकेकटी पाठवणे महाग पडते. खोकी भरेपर्यंत ती थांबते आणि पुष्कळदा जहाजाने येते.

२०१७ साली बाजारात आलेल्या टेस्लाच्या 'मॉडेल ३' गाडीची मागची काच छपरापर्यंत वर गेलेली आहे. पहिल्या काही काळात या कंपनीच्या गाड्यांचे सुटे भाग मिळण्यास फार वेळ लागतो अशा तक्रारी अमेरिकेत वाढल्या आणि २०१८ साली कंपनीने दुरुस्तीची स्वतःची केंद्रे काढली. नवेपणाच्या टोकाची अडचण ती हीच.

अनाथ गाड्या

दुसऱ्या टोकाची अडचण अधिक गंभीर आहे. जनरल मोटर्स कंपनीने १९९६ साली 'ईव्ही १' ही विजेची गाडी आणली. हवेला तिचा अडथळा त्या काळच्या कोणत्याही नेहमीच्या गाडीपेक्षा कमी होता. तिचा रोधगुणांक ०.१९ होता. अशा १,११७ गाड्या झाल्या आणि त्या विकल्या नाहीत, भाड्याने दिल्या. १९९९ साली उत्पादन थांबले. पुढे कंपनीने गाड्या परत घेतल्या. काही थोड्या संग्रहालयांना आणि शिक्षणसंस्थांना दिल्या व बहुतेक मोडीत काढल्या. चालवणाऱ्यांपैकी अनेकांना त्या विकत हव्या होत्या. सुटे भाग पुरवत राहणे शक्य नाही, असे एक कारण कंपनीने दिले. टीकाकारांच्या मते खरी कारणे वेगळी होती. तो वाद बाजूला ठेवला तरी आपल्या तिसऱ्या गणितातील 'वर्षाला ८ काचा' ही गाडी केवळ फळ्यावरची नव्हे, हे ध्यानात येते.

अगदी अलीकडे, जून २०२४ मध्ये, अमेरिकेतील फिस्कर कंपनीचे दिवाळे निघाले. तिच्या 'ओशन' या विजेच्या गाडीचे हजारो मालक एका दिवसात पोरके झाले. मालकांनी संघटना स्थापली आणि सुटे भाग मिळवण्याची व बनवून घेण्याची खटपट सुरू केली. साचे कोणाकडे आहेत, नकाशे कोणाचे आहेत, ते वापरण्याची परवानगी कोण देणार, हे प्रश्न अशा वेळी बॅटरीइतकेच महत्त्वाचे ठरतात.

विजेच्या गाड्यांचा पुरस्कार आपण पर्यावरणासाठी करतो. बॅटरी बनवताना बरीच ऊर्जा खर्च होते. गाडी जितकी वर्षे चालेल तितका तो खर्च भरून निघतो. एका काचेअभावी चांगली गाडी मोडीत गेली तर हा सारा हिशेब उलटा पडतो. म्हणून काचेचा प्रश्न हा केवळ गाडीमालकाच्या गैरसोयीचा प्रश्न नाही.

पुढे काय करता येईल?

सपाट काचेचे दिवस परत आणणे हा उपाय नव्हे. सुरक्षा काचेने असंख्य जीव वाचवले आहेत. काही गाड्यांत पुढची काच एअरबॅगला टेकू देते आणि सांगाड्यालाही बळ देते. पण हॅरिस यांच्या सूत्रात तीन आकडे आहेत आणि तिन्ही बदलता येण्याजोगे आहेत.

मागणीचा आकडा वाढवता येतो, अनेक गाड्यांत एकच काच वापरून आणि उगाच प्रकार न वाढवता. साचा चढवण्याचा खर्च कमी करता येतो. साचे झटपट बदलणारी यंत्रे हे आजच्या अभियंत्यांचे मोठे काम आहे. सांभाळण्याच्या खर्चाचा वाटा कोणी उचलायचा, हे समाज कायद्याने ठरवू शकतो. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. युरोपीय संघाने २०२४ साली आकृतिबंधाच्या हक्कांचा कायदा सुधारला. दुरुस्तीसाठी लागणारे, गाडीचे मूळ रूप परत आणणारे दर्शनी भाग इतरांनाही बनवता यावेत अशी तरतूद त्यात आहे. मूळ कंपनी थांबली तरी साचा थांबू नये, अशी ही दिशा आहे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना गावातील किंवा तालुक्यातील मोटारींच्या काचा बसवणाऱ्या दुकानात न्यावे. कोणत्या गाड्यांच्या काचा दुकानात तयार असतात, कोणत्या दोन दिवसांत येतात आणि कोणत्या मागवाव्या लागतात, हे विचारून त्यांनी तक्ता करावा. प्रत्येक गाडीपुढे ती बाजारात कोणत्या साली आली आणि रस्त्यावर साधारण किती दिसते याचीही नोंद करावी. दुकानदाराने परवानगी दिली तर फुटलेल्या टफन्ड काचेचे दाणे आणि लॅमिनेटेड काचेचा तुकडा जाड हातमोजे घालून पाहावा. मग वर्गात परतल्यावर तो तक्ता हॅरिस यांच्या सूत्राशी कुठे जुळतो आणि कुठे जुळत नाही, याची चर्चा करावी. जेथे जुळत नाही तेथे विद्यार्थ्यांना नवी कारणे शोधावी लागतील.